साती आसरांचा गूळ

दिवाकररावांनी मला फसवलं. आमच्या पोहणाऱ्यांच्या मंडळाचे ते सचिव. "ताई, तुमची बोट तुमच्या शेजारून हातभरही हलणार नाही," असा शब्द त्यांनी धरणाच्या काठावर चारचौघांत दिला, आणि मी भर पाण्यात असताना तीच बोट काठावर परत बोलावून घेतली. हे आधीच लिहून ठेवते. पुढे जे सांगायचं आहे ते कृपेबद्दल आहे, आणि कृपेच्या गोष्टीत माणसाची लबाडी अलगद विरघळून जाते. मला ती विरघळू द्यायची नाही.

मी हिंगणघाटची. डोक्यावर टोपली घेऊन जुन्या कपड्यांवर भांडी देत दारोदार फिरले, त्यातून आज स्वतःचं दुकान उभं आहे. घासाघीस माझ्या रक्तात आहे, आणि आता त्या रक्तात साखरही आहे. चार वर्षं रोज इन्सुलिन टोचून घेते. लहानपणी वणा नदीत शिकलेलं पोहणं पन्नाशीनंतर पुन्हा धरलं, तशी साखर आटोक्यात येऊ लागली आणि माझी हाव वाढली. धरणात सहा किलोमीटर पोहण्याचं ठरलं तेव्हा मी पहिल्या दिवशी नाव दिलं. डॉक्टर म्हणाले, दर वीस मिनिटांनी ग्लुकोजचं पाणी प्यायचंच. मी त्यांनाही घासून अर्ध्या तासावर आणलं. सून म्हणाली, "आई, कमरेला एक पुडी बांधून ठेवा." मी म्हटलं, बोट आहे ना शेजारी, कशाला लोढणं? वरून असा तोरा, पण आतून धास्ती होती. इन्सुलिनवाल्याला साखर वाढण्यापेक्षा ती अचानक उतरण्याची भीती मोठी असते. जमिनीवर साखर उतरली की घाम फुटतो, माणूस सावध होतो. पाण्यात घाम कुणाला कळणार?

त्या सकाळी काठावर, पळसाखाली, साती आसरांचे सात दगड शेंदूर लावून मांडलेले होते. पाण्याच्या या देवता. मी हात जोडले, पण तिथेही माझा स्वभाव सुटला नाही. मनात म्हटलं, आधी पार करा, मग नारळ. शेजारी एक म्हातारे ढिवर, म्हणजे मासेमार, बसले होते. ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे. जाळं टाकण्याआधी आसरांना गूळ वाहायचा त्यांचा नेम. त्यांनी खडा फोडून एक तुकडा माझ्यापुढे धरला.

"मले साखर आहे, बावाजी. गूळ चालत नाही," मी म्हटलं. आणि ते जाळं आमच्या पोहण्याच्या वाटेवर टाकायला निघालेत हे कळताच माझं डोकं फिरलं. वाटेल ते बोलले.

"काऊन बोंबलून राह्यली, माय?" ते शांतपणे म्हणाले. "नेतो ना तिकडं, नाला मिळते त्या खाडीच्या तोंडाशी. पाणी का माह्या बापाचं हाये?" उरलेला गूळ, तिकडे जाळं टाकताना वाहायचा म्हणून, पुन्हा फडक्यात बांधून ते ट्यूब ढकलत निघून गेले.

पहिला अर्धा तास छान गेला. बोटीतून ग्लुकोज घेतलं, पुढे निघाले. दुसऱ्या वेळेला हात वर केला तर शेजारी कुणी नाही. मागे वळून पाहिलं. बोट दूर काठाला लागलेली, एवढीशी दिसत होती. येईल म्हणून पुढे हात मारत राहिले. तिथेच थांबून ओरडायला हवं होतं. पण मी आडमुठी. बोटीवाचून अडत नाही हे मला दाखवायचं होतं. पोहताना मी शंभर-शंभर हात मोजते. मोजणी चुकली, पुन्हा सुरू केली, पुन्हा चुकली. ओठ बधिर झाले. समोरचा काठ डावीकडे होता तो उजवीकडे गेला. दिवाकररावांवर चिडायचा प्रयत्न केला, तर रागच येईना. तेव्हा मी खरी घाबरले. आयुष्यात माझ्याजवळ कधी काही नसलं तरी राग असायचाच. सुनेचा चेहरा आठवायला गेले, तोही येईना. ते सात दगड मात्र दिसले. म्हटलं, घ्या बायांनो. माझी काही अट नाही. एवढंच म्हणू शकले, आणि हात थांबले.

नाकात पाणी गेलं आणि दंडाला कुणीतरी धरलं. छातीखाली रबर आलं.

"लय भटकली तू, माय. तोंड उघड."

ते बावाजी होते. मी बरळले, "गूळ चालत नाही मले."

"हौ, सकाळीच सांगतलं तू. आता मुकाट्यानं खा."

"आसरांचा आहे ना तो?"

"त्याइले रोजच भेटते. आज तू खाय."

तो गूळ मी चघळला, गिळला, पुन्हा मागितला. फडकं रिकामं झालं. थोड्या वेळाने समोरचा काठ जागेवर आला आणि मला हुंदका आला. मी वाट चुकून नेमकी खाडीच्या तोंडाशी आले होते, जिथे मीच त्यांना भांडून पिटाळलं होतं. मी ओरडले नसते तर ते दुसरीकडेच असते. याचा अर्थ लावायला मी शहाणी नाही. एवढं कळतं की मी म्हटलं होतं आधी काम, मग नारळ. आणि त्या सातजणींनी नारळाची वाट न पाहता आपल्या तोंडचा घास मला दिला.

आता दर वीस मिनिटांनी म्हणजे वीसच. कमरेला पुडी असते. डॉक्टरांशी आणि देवाशी घासाघीस सुटली. माझा हट्ट ही माझी चूक, ती मी त्या दगडांपुढे नाक घासून कबूल केली.

पण मंडळाच्या फळ्यावर दिवाकररावांनी माझ्या नावापुढे लिहिलं, "प्रकृतीमुळे माघार." बोट का वळवली म्हणून तिघांनी विचारलं. एकाला इंजिन तापल्याचं सांगितलं, दुसऱ्याला डिझेल संपल्याचं, तिसऱ्याला मीच नको म्हटल्याचं. मी उभा जन्म बाजारात काढला आहे. तीन कारणं देणाऱ्याजवळ खरं एकही नसतं. त्या दिवशी आलेल्या आपल्या पाहुण्यांना त्यांनी त्या बोटीतून फिरवल्याचं काठावरच्या सगळ्यांनी पाहिलं आहे.

दिवाकरराव, मी शरण गेले ती साती आसरांना, तुम्हाला नाही. त्या दिवशी बावाजींचा गूळ वाहायचा नेम तुमच्यामुळे मोडला. गुळाचा खडा घेऊन पळसाखाली या, बावाजींच्या देखत तो वाहा, आणि त्या सात दगडांसमोर एकदा सांगा: माझी बोट का वळवली?