आमच्या घरातल्या मौनी माताजी

बाबा गेल्यावर आईला मी साताऱ्याहून दिल्लीला, द्वारकेतल्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. मी सकाळी मेट्रो पकडायची ती दिवेलागणीलाच परतायची. आई दिवसभर एकटी. सोसायटीच्या बागेत पिंपळाखाली एक बाक आहे, तिथे जाऊन बसायची. हिंदी तिला कळायची, पण बोलायची लाज वाटायची. कुणी काही विचारलं की नुसतं हसायची.

बास, तेवढ्यावरून बायकांनी ठरवून टाकलं की या माताजींचं मौन आहे! एकीने मुलाचं लग्न जमत नाही म्हणून तिच्यापुढे रडून घेतलं आणि पंधरवड्यात ते जमलं. झालं!

मला पत्ताच नाही. थंडीतल्या एका रविवारी खाली उतरले तर धुकं नुकतं विरळ होत होतं. दुधात हळद कालवावी तसं ऊन पडलेलं, आणि त्यात आई. मांडीवर झेंडूची फुलं, पुढ्यात पाचसात बायका हात जोडून. क्षणभर ती मला माझी आई वाटेचना. फार लांबून आलेली, वाटेत जराशी टेकलेली कुणीतरी वाटली. मग एकीने वाकून तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि माझं टाळकंच सरकलं.

"चल वर," म्हणाले आणि तरातरा पुढे निघाले. ती मागून आली, पदरात फुलं सांभाळत.

"काय चालवलंयस हे? उद्या आरती ओवाळतील तुझी!"

"अगं, मी कुठे काय केलं? मी नुसती बसते."

"मग सांग ना त्यांना! नाहीतर मीच सांगते, आत्ताच्या आत्ता. माताजी कसल्या, हिंदी येत नाही म्हणून गप्प असते!"

"नको गं बाई!" ती इतक्या घाईने म्हणाली की मी चपापले. "मग कोण येईल माझ्याकडे?"

"आणि एखादीचं काम नाही झालं म्हणजे? शिव्या घालतील."

"घालू देत." ती फुलं ताटलीत काढत राहिली. "तुझे बाबा झोपेतसुद्धा माझा हात धरायचे. त्या बायका पाय धरतात ना, ऊबदार असतात गं त्यांचे हात."

मला रडूच फुटलं. आईला आणून आठ महिने झाले होते. औषधं वेळेवर देत होते, शेकायची पिशवीसुद्धा आणली होती. तिला हात कधी लावला होता, ते काही केल्या आठवेना.