पाचाच्या पट्टीवर नऊ

गोट्यांचा तिला वीट आला होता. संख्याशास्त्राच्या पुस्तकात कुठलंही पान उघडा, एक पिशवी असायची आणि पिशवीत लाल-निळ्या गोट्या. डोळे मिटून एक काढा, परत टाका, पुन्हा काढा. अहो, पण कशासाठी? जिने उभा जन्म लोकांच्या दारांच्या कड्या वाजवण्यात घालवला, म्हातारे-कोतारे, रुसलेले, टाकलेले, सगळ्यांच्या घरात जाऊन चहा प्यायला आणि शिव्याही खाल्ल्या, तिला चाळिशी उलटल्यावर गोट्या काढायला बसवायचं म्हणजे अंतच पाहणं झालं. "सर, माझी माणसं गोट्या नाहीत," असं तिने वर्गात उभं राहून सांगितलं होतं. सर तिच्या धाकट्या भावापेक्षा लहान. ते म्हणाले, "ताई, बसा. माणसांवर येऊच आपण." ते काही लवकर आले नाहीत.

सगळे तिला ताईच म्हणत. समाजकल्याण खात्यात होती. संध्याकाळच्या या वर्गाला ती हौसेने आलेली नव्हती. तिला तिची खोली वाचवायची होती.

खोली ग्रंथालयाच्या माडीवर. दुपारी तिथे म्हातारी माणसं जमायची. पत्ते, विणकाम, एकच वर्तमानपत्र आणि त्यावरून भांडण, खिडकी उघडी की बंद यावरून दुसरं भांडण. ताईने दहा जणांच्या पाया पडून ती खोली मिळवली होती. आणि खरं सांगायचं तर त्यात समाजसेवा होती तेवढाच स्वार्थही होता, कारण त्या माणसांत तिच्या सासूबाईही होत्या. खोली नव्हती तेव्हा सासूबाई दुपारी घरी एकट्या असायच्या आणि ताईला कार्यालयात फोन करायच्या. साखरेचा डबा कुठे ठेवलास, कात्री कुठे ठेवलीस, काल जी मिळत नव्हती ती कात्री मिळाली का. खोली सुरू झाली आणि फोन थांबले. ताईला वाटलं, सुटले.

पण तिच्या खात्यातल्या साहेबांचा त्या खोलीवर पहिल्यापासून डोळा होता. त्यांच्याकडे मोडक्या कपाटांचा आणि खुर्च्यांचा डोंगर साठला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. "भावना मला नकोत, ताई," ते म्हणाले. "आकडा आणा. खोलीमुळे एकटेपणा कमी झाला हे आकड्यात दाखवा, खोली तुमची. नाही झाला, तर कपाटं." आता एकटेपणाचा आकडा काढायचा कसा? म्हणून हा वर्ग, ह्या गोट्या आणि ते प्रमाण विचलन. शिकताना तिची अवस्था पालथ्या घड्यासारखी व्हायची, आणि नवरा म्हणायचा, "आकडेबाई, मी बसचं इंजिन उघडून बघतो काय बिघडलंय. सगळ्या बसांची सरासरी काढून एकही बस सुरू झालेली नाही." तो मेकॅनिक होता आणि स्वतःला फार विनोदी समजायचा.

प्रश्न सरांनीच बसवून दिला होता. तुम्हाला एकटं वाटतं का? कधीच नाही म्हणजे एक, नेहमी म्हणजे पाच, अधलंमधलं असेल तर अधलामधला आकडा. "आणि उत्तर दिलं नाही तर रकाना रिकामा सोडू नका," सर म्हणाले होते. "नंतर कळत नाही, विचारायचं राहिलं की त्यांनी सांगितलं नाही. तिथे नऊ लिहा." ताईने ते निमूट ऐकलं. वर्गातली तेवढी एकच गोष्ट तिला पहिल्या झटक्यात कळली होती.

पहिली फेरी तिने खोली उघडली त्याच महिन्यात केली. काय सांगावं! चाळीस माणसं, आणि एकाला सरळ उत्तर देता येईल तर शपथ. निवृत्त शिंपीकाका म्हणाले, "एकटं? मला? माझी तीन मुलं आहेत." मुलं तीन देशांत होती, ते सोडा. एक आजी म्हणाल्या, "हे विचारायला पगार देतात तुला?" बऱ्याच जणांनी "पुढचं विचार" म्हणून तोंड फिरवलं. सोळा नऊ झाले. घरच्या माणसाला आपण विचारायचं नाही असा नियम, म्हणून सासूबाईंना ग्रंथालयातल्या बाईंनी विचारलं.

सहा महिन्यांनी दुसरी फेरी. या खेपेला लोक भडाभडा बोलले. फक्त दोघांनी उत्तर टाळलं. ताईने सगळं कार्यालयातल्या संगणकात भरलं, सरासरीचं बटण दाबलं आणि खुर्चीतून उठलीच. आधी चार पूर्णांक आठ, आता साडेतीन! एकटेपणा धाडकन खाली! साहेबांनी आकडा पाहिला, पेनाने त्याभोवती गोल काढला आणि वार्षिक पुस्तिकेसाठी पाठवून दिला. "बघा, शिकल्याचा फायदा होतो," ते म्हणाले. ताईने त्या दिवशी गोट्यांनाही माफ केलं.

मग वर्गातला प्रकल्प द्यायची वेळ आली. सर म्हणाले, आलेख संगणकावर नको, हाताने काढा. ताईने पट्टी घेतली, आलेखाच्या कागदावर पहिल्या फेरीचे खांब उभे केले. एकचा उंच, दोनचा जरा बुटका, तीनचा लहान, चारचा नखाएवढा, पाचचा नाहीच. आणि मग बरीच जागा सोडून, पार उजवीकडे, सगळ्यांत उंच खांब एकटाच उभा.

सरांनी त्या खांबावर बोट ठेवलं. "ताई, पट्टी पाचाची. हे कोण?"

तिने खांबाखालचा आकडा वाचला. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न बोललेली सोळा माणसं संगणकाने नऊ-नऊ एकटेपणा असलेली धरली होती! पाचाच्या पट्टीवर नऊ! आणि हा प्रकार तिने स्वतःच्या हाताने केला होता. तिने तिथेच नऊ काढून टाकले आणि पुन्हा भागाकार केला. आधी दोन. आता तीनच्या वर.

म्हणजे खोलीत येऊन माणसं जास्त एकटी झाली होती.

"करायला गेले काय नि झालं काय!" ती म्हणाली. सरांनी पाणी आणून दिलं. चांगला मुलगा होता, पण पाण्याने काय होणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माडीवर गेली ती तावातावानेच. पत्ते थांबले. "तुम्हाला मी काय कमी केलं?" तिने सगळ्यांना विचारलं. "खोली दिली, पंखा दिला, दोन-दोन वर्तमानपत्रं करून दिली. आणि तुमचा एकटेपणा वाढला? पहिल्यांदा विचारलं तेव्हा एक आणि दोन सांगत होतात की हो!"

"पहिल्यांदा तू कोण होतीस?" शिंपीकाका म्हणाले. "कागद घेऊन आलेली एक बाई. तुला सांगणार मी, की मुलांचा फोन येत नाही म्हणून?"

"मग आता का सांगितलंत?"

"आता सांगायला काय झालं? इथे सगळ्यांचं तेच आहे." आणि त्यांनी पान टाकलं.

ताई खुर्ची ओढून बसली. हा गुंता कुठल्या पुस्तकात सोडवलेला होता? पहिली फेरी खोटी, दुसरी खरी, आणि खऱ्यापायी खोली जाणार. सासूबाई कोपऱ्यात सुया चालवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

साहेबांकडे जायच्या आधी तिने दोन दिवस काढले. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. खोली राहिली असती, पुस्तिका छापली गेली असती, सरही तिच्यासाठी गप्प बसले असते कदाचित. पण तो चार पूर्णांक आठ तिला काही केल्या गिळता येईना. ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं, त्यांच्या गप्प बसण्याची बेरीज करून तिने पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली होती. तिला स्वतःची चीड आली होती, आणि त्या चिडीतच ती साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"चुकलं," ती म्हणाली. "दोनावरून तीनच्या वर गेलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "ताई, कशाला हात दाखवून अवलक्षण करता? पहिला आकडा छान होता."

"छान होता, पण खोटा होता. न बोलणारे सोळा होते, ते दोन झाले. तेही लिहा."

"न बोलणाऱ्यांसाठी माझ्या तक्त्यात जागा नाही."

"मग तळाशी लिहा."

साहेबांनी कुरकुरत लिहिलं, अहवाल वरच्या कार्यालयाला पाठवला, आणि कपाटं हलवायला माणसं सांगून ठेवली. ताई घरी आली ती सरळ भांडी घासायला बसली. नवऱ्याने एकही विनोद केला नाही, यावरून काय ते समजा.

आणि मग वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं. तळाची ओळ कुणी वाचलीच नव्हती. ज्या अर्थी एकटेपणा दोनावरून तीनच्या वर गेल्याचे दिसते, त्या अर्थी गरज वाढली आहे. तो पुन्हा दोनावर येईपर्यंत खोली चालू ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी मोजणी करावी! ताई हसावं की रडावं या विचारात असताना साहेब मात्र शांत होते. कपाटांसाठी त्यांनी आता जिन्याखालच्या जागेवर डोळा ठेवला होता.

बातमी ग्रंथालयातल्या बाईंमार्फत माडीवर पोचायला वेळ लागला नाही. तिसऱ्या फेरीला ताई गेली तर सगळे शाळेतल्या पोरांसारखे ओळीने बसलेले.

"पाच," शिंपीकाका म्हणाले. प्रश्न अजून विचारायचा होता.

"पाच," पुढच्या आजी म्हणाल्या. "नेहमी. फार."

"अहो, खरं सांगा!" ताईचा आवाज चढला. "अशाने माझा आलेख म्हणजे एकच खांब होईल! खोली राहावी म्हणून खोटं बोलताय तुम्ही!"

"मग काय दोन सांगून कपाटं आणू इथे?"

ती कुणाकुणाशी भांडणार! एकेकापुढे पाच लिहीत, दात-ओठ खात ती कोपऱ्यापर्यंत आली. ग्रंथालयातल्या बाई त्या दिवशी रजेवर होत्या. नियम गेला खड्ड्यात, म्हणून ती सासूबाईंसमोर स्टूल ओढून बसली.

"आई, निदान तुम्ही तरी यांचं ऐकू नका. खरं काय ते सांगा."

सासूबाईंनी सुया मांडीवर ठेवल्या. "पाचच."

"आई!"

"मी कुणाचं ऐकून सांगत नाहीये गं. मागच्या खेपेलाही पाचच सांगितलं होतं. त्याच्या आधी सांगितलंच नव्हतं. म्हटलं, ती बाई जाऊन तुला सांगेल, आणि तुला वाटेल मी तुझी तक्रार करतेय."

ताईचा राग कुठल्या कुठे गेला. "मग इथे करमत नाही का तुम्हाला?" तिने विचारलं. "खोलीत काही कमी आहे का?"

"इथे कुठलं एकटं?" सासूबाई म्हणाल्या. "मी घरचं सांगतेय."

घरी की खोलीत, हे प्रश्नात कुठे विचारलंच नव्हतं. ना सरांना सुचलं होतं, ना साहेबांना, ना तिला. मागे शिंपीकाका कुणाला तरी ओरडून सांगत होते की पाचच सांग, चार सांगू नकोस. ताईने पेन मिटलं. तिने सासूबाईंचा हात हातात घेतला, आणि तो शेवटचा कधी घेतला होता हे तिला आठवेना.