खिडकीचा रंग

जहाज दुपारपर्यंतच थांबणार होतं, म्हणून त्या कॅरिबियन बंदरगावात आम्ही नवरा-बायको भराभरा हिंडत होतो. निळी, पिवळी, पोपटी घरं पाहून डोळे निवत होते. एक बाई आपली खिडकी रंगवत होती. आम्ही थबकलो, तशी हसून म्हणाली, "पांढरी करू की गुलाबी?"

"गुलाबी," हे ताबडतोब म्हणाले.

मी बघतच राहिले. आमच्या घराला यांनी दर वेळी पांढराच रंग निवडलेला.

"तुम्हाला गुलाबी आवडतो?"

"पहिल्यापासून. पण लोक हसतील असं वाटायचं."

बाईने ब्रश यांच्याच हातात दिला. ओळखीचं कुणी नसलं की माणूस किती मोकळा होतो! शर्टावर शिंतोडे घेऊन परतताना हे म्हणाले, "दिवाळीला आपलं दार रंगवू या. लोकांना हसू दे."