सलूनमधल्या मिशाळ मधमाश्या

लहान मुलाचे केस कापणं हे काय दिव्य असतं, ते कापणाऱ्यालाच ठाऊक. सलूनवाल्याने त्यावर तोडगा काढला होता. खुर्चीसमोर टीव्ही, आणि टीव्हीवर कायम एकच, मधमाश्यांचा कार्टून सिनेमा. पहिल्या गाण्यात कानामागचे केस उरकायचे. अस्वल पोळ्यावर चालून आलं की पोर श्वास रोखून बसायचं, तेवढ्यात मानेवर मशीन फिरवायचं. दुसरा सिनेमा लावायची त्याची छातीच होत नव्हती. हात याच चालीवर बसला होता.

त्याची मुलगी शाळा सुटली की कोपऱ्यातल्या बाकावर अभ्यासाला बसायची. आई गेल्यापासून दोघंच, त्यामुळे घर काय नि सलून काय, सारखंच. सिनेमा तिला तोंडपाठ झाला. त्यातला मध गोळा करणारा झुबकेदार मिश्यांचा गडी तर तिचा जीव की प्राण!

आणि सातवीत तिने वाचलं, की मध गोळा करणाऱ्या सगळ्या माश्या माद्या असतात. नर नुसते आयतं खातात. तिचं डोकंच फिरलं. तेव्हापासून खुर्चीतल्या चिमुकल्या गिऱ्हाइकांना ती ठणकावून सांगू लागली, "ते खोटं आहे. त्यांना मिश्या नसतात!" एकदोघं रडलीसुद्धा. गिऱ्हाइकांनी तिचं नाव शंकासुर ठेवलं.

बारावी झाल्यावर बापाच्या मनात रस्त्याच्या टोकाचं कॉलेज होतं. दुपारी जेवायला घरी येता येईल असं. तिला मात्र दिवसभराच्या प्रवासावरचं विद्यापीठ हवं होतं, कारण तिथे मधमाश्यांचं शास्त्र शिकवत.

"कार्टून बघून कुणी विद्यापीठ निवडतं का?" तो करवादला. राग कसला, पोर लांब जाणार हेच त्याला सोसवत नव्हतं.

मुलाखत ऑनलाइन होती. इंटरनेट सलूनमध्येच बरं चालायचं, म्हणून ती तिथल्याच बाकावर बसली. मागे बाप एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता, कान सगळे इकडे.

"आमचंच विद्यापीठ का?" पडद्यावरच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं.

घोकलेलं उत्तर ऐन वेळी पळालं. "तुमच्या गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या आहेत," ती म्हणाली, "आणि एका सिनेमाने मला कित्येक वर्षं फसवलंय."

मग मिश्यांपासून सुरुवात करून तिने त्या सिनेमाची पार सालटी काढली. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईकही हसायला लागलं, तसा बापाला वस्तरा बाजूला धरावा लागला. पोरीची निवड होणार, हे त्याला तिथेच कळलं. अभिमान वाटला आणि रडूही आलं.

आठवड्याभराने प्रवेशाचं पत्र आलं. ते दोनदा वाचून त्याने कात्री उचलली.

"चला, सिनेमातलं एक तरी खरं निघालं," तो म्हणाला. "तरुण राणी घर सोडून जातेच."

"तेही चूकच आहे, बाबा. पोळ्यात गर्दी झाली की जुनी राणी निघून जाते. भरलेलं घर लेकीसाठी ठेवून."

त्याने कात्री पुसायला घेतली.

"असं होय? म्हणजे खरं तर मीच जायला हवं," तो तिच्याकडे पाठ करून म्हणाला. "पण माझं गिऱ्हाईक बसलंय ना खुर्चीत. तेव्हा तूच जा, बाई."

खुर्ची रिकामी होती. ती गुपचूप उठली आणि त्या खुर्चीत जाऊन बसली.

"टोकं सारखी करून द्या," ती म्हणाली. "सावकाश कापा. घाई नाहीये मला."