न्यू लावलं की कोण येतं

देवळाली प्रवरात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. माणसं तीनच, पण किस्से रोज वाढतात. काही हसत सांगतो, काही सांगताना दार उघडं ठेवतो!

•

उज्ज्वला नवीन आली तेव्हा बाप्पांनी, म्हणजे आमच्या सीनियरनी, तिला जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतली दोन फंक्शनं, म्हणजे आज्ञांचे दोन तुकडे, दाखवली. "यातल्या कुणाच्या आधी 'न्यू' हा शब्द लावून नवी वस्तू घडवता येईल?"

"दोन्ही फंक्शनंच आहेत की, सर!"

तिनं न्यू लावलं. एक मुकाट कामाला लागलं, दुसऱ्यानं लालभडक एरर फेकली.

"दिसण्यावर जाऊ नको," बाप्पा म्हणाले. "लग्नात सूट घातलेला प्रत्येक जण नवरदेव नसतो!"

•

मग साखर कारखान्याचं काम आलं. उसाचा ट्रॅक्टर यार्डात शिरला की प्रोग्राम त्याची नोंद घडवणार आणि स्पीकर ड्रायव्हरचं नाव पुकारणार. नोंद घडवणाऱ्या फंक्शनला न्यू चालतं का, हे प्रोग्राम सुरू होतानाच तपासायचं होतं. उज्ज्वलानं तिथं सरळ न्यू लावलं. एरर नाही, म्हणजे चालतं!

"अगं, दूध नासलंय का बघायला पातेलंभर पितेस का?" बाप्पा म्हणाले. आम्ही हसलो आणि ते तसंच राहिलं.

•

यार्डातल्या दत्तूभाऊ वॉचमनचा उज्ज्वलाला फोन आला. "ताई, लाईट जाऊन आली की स्पीकर तुमच्या आण्णांचं नाव घेतोय. ते तर वारले ना? ड्रायव्हर लोक गाडी फुडं घेईनात!"

आम्ही प्रोग्राम उघडून पाहिला. लाईट येऊन तो पुन्हा सुरू झाला की ती तपासणीच एक खरी नोंद घडवत होती. त्या नोंदीत ड्रायव्हरचं नाव रिकामं, म्हणून टेस्टिंगसाठी भरलेलं नाव स्पीकरवर जायचं, आणि ते उज्ज्वलानं वडिलांचं टाकलेलं. आण्णा त्याच यार्डात ट्रॅक्टर आणायचे. गेटवर उज्ज्वलाच्या आईची चहाची टपरी. चहा पिऊन ते ग्लास बाकड्यावर पालथा घालायचे आणि आई रोज ओरडायची.

उज्ज्वला रडायला लागली. "आईला हे ऐकू जायला नको, सर. आत्ता बंद करा."

बाप्पांनी तपासणी बदलली. फंक्शन चालवायचंच नाही, न्यू चालेल का एवढंच भाषेला विचारायचं. "दारातून चौकशी करायची, आत बोलवायचं नाही."

•

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, आली. "स्पीकर गप हाय," दत्तूभाऊंनी कळवलं. आम्हाला हायसं वाटलं.

तेवढ्यात उज्ज्वलाच्या आईचा फोन.

"उजे, आज आण्णांचं नाव न्हाई घेतलं गं."

"दुरुस्त केलं, आई. आता नाही घेणार."

ट्रॅक्टरच्या आवाजातून आई म्हणाली,

"मग आज न बोलावता कसे आले? ग्लास पालथा घालून गेलेत बघ."