सत्तावीस महिन्यांची रजा

२००३ साली आम्ही अमेरिकेत सनीव्हेलला राहत होतो. नवरा चिप डिझाइनच्या कामावर, आणि मी त्याच्या व्हिसाला जोडलेली, म्हणजे नोकरीची परवानगी नाही. नागपूरला मी सहा वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला होता. इथे नवरा ऑफिसला गेला की घर शांत व्हायचं आणि मी त्या शांततेत नुसती इकडून तिकडे फिरायची.

खालच्या मजल्यावर एक चिनी आजोबा लेकीकडे राहत. मी इतिहासाची टीचर होते हे कळल्यावर ते एक जाड शिवलेलं पुस्तक घेऊन आमच्या दारात आले. त्यांच्या घराण्याची वंशावळ. पूर्वजांपैकी एकजण बादशहाच्या दरबारात मोठा अधिकारी होता. अमेरिकेत जन्मलेल्या नातीला चिनी वाचता येत नव्हतं, म्हणून त्याची हकीकत इंग्रजीत लिहायची होती. आजोबांनी डिक्शनरी धरून मोडक्या इंग्रजीत सांगायचं आणि मी वाक्यं नीट करून टाइप करायची, असं ठरलं.

रोज सकाळी दहाला आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसायचो. अधिकाऱ्याची कारकीर्द सुरुवातीला सरळ होती. जिल्ह्याची परीक्षा, प्रांताची परीक्षा, शेवटी खुद्द राजवाड्यातली. मग बढत्या. एकदा बादशहाला खरमरीत अर्ज लिहिला म्हणून दूर डोंगराळ मुलखात बदली, नवा बादशहा आल्यावर परत बोलावणं, आणि धर्मविधी पाहणाऱ्या खात्याचं उपमंत्रिपद. त्या पदावर असताना त्याची आई वारली.

"आई किंवा वडील गेले की अधिकाऱ्याने पद सोडून दुखवटा पाळायला गावी जायचं," आजोबा म्हणाले. "सत्तावीस महिने. कायदाच."

"मग हा गेला?"

"नाही."

वंशावळीत लिहिलं होतं की बादशहाने कृपा करून त्याला जाऊ दिलं नाही. आजोबांकडे त्यांच्या जिल्ह्याच्या जुन्या बखरीची झेरॉक्सही होती. तिच्यात होतं की पदाच्या मोहाने तो गेला नाही, आणि दरबारातल्या लोकांनी त्याच्या तोंडावर त्याला दोष दिला. मी विचारलं, त्याला थांबवलं असं लिहू की तो थांबला असं? सोमवारी आजोबा म्हणाले, "थांबवलं." मंगळवारी म्हणाले, "थांबला." बुधवारी त्यांनी मला दोन्ही वाक्यं खोडायला लावली. मी वैतागले. इतिहासाची दोन साधनं जुळत नसतील तर काय करायचं हे मी वर्गात शिकवलेलं होतं, पण इथे काही सुचेना.

त्याच आठवड्यात सकाळी नागपूरहून दादाचा फोन आला. बाबा गेले.

नवऱ्याच्या व्हिसाची मुदतवाढ अडकली होती. मी देश सोडला असता तर परत यायला पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागणार होता, आणि त्या वर्षी लोक शिक्क्यासाठी महिनोन् महिने भारतात अडकून पडत होते. नवरा म्हणाला, "तू ठरव. तू म्हणशील ते." मी दादाला विचारलं, "येऊ का रे?"

"ये असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "येऊ नकोस असंही म्हणत नाही. आईला विचारू का?"

"नको," मी पटकन म्हणाले. का म्हणाले ते मला तेव्हाही कळलं नाही. दोन दिवस मी बॅग काढून ठेवली, भरली नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने तिकिटाचं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "आता राहू दे." तेरावं मी फोनवर ऐकलं.

त्यानंतर खाली गेले तेव्हा आजोबांच्या लेकीने त्यांना बाबांचं सांगून ठेवलेलं होतं. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला. मग विचारलं, "तुला जाऊ दिलं नाही?"

"व्हिसा," मी म्हणाले.

"'नाही' कोण म्हणालं?"

टोमणा नव्हता त्यात. शब्द नेमका हवा असला की ते जसं विचारायचे तसंच विचारलं. पण माझ्या अंगाची आग झाली. मी लॅपटॉप उचलला आणि वर निघून आले. रडले, पण बाबांसाठी की त्या प्रश्नामुळे, सांगता येणार नाही.

तीन आठवडे मी गेले नाही. मग एक दिवस त्यांची लेक स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत घेऊन आली. उरलेलं तिनेच टाइप केलं होतं. म्हणाली, "पपांनी तुमचे आभार मानायला सांगितलंय." मी दारातच ते पान शोधलं. अधिकारी उपमंत्री होतो, आणि पुढच्याच ओळीत म्हातारा होऊन गावी परततो. आई मेल्याचा उल्लेखच नाही.

"इथलं काही राहिलंय," मी म्हणाले.

"मीही तेच म्हटलं," ती म्हणाली. "पपा म्हणाले, बरोबर आहे, असंच ठेव."

ते त्यांनी पूर्वजासाठी गाळलं, नातीसाठी, की माझ्यासाठी, हे विचारायला मी खाली गेले. आजोबांनी दार उघडलं, हसले, आणि मला आत बोलावलं. मी तासभर बसले. आम्ही त्यांच्या नातीच्या शाळेबद्दल बोललो.

पुढच्या वर्षी व्हिसाचं मार्गी लागलं आणि मी नागपूरला जाऊन आले. आईने काही विचारलं नाही. का आली नाहीस असं शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा मी तोंड उघडलं, आणि कोणतं वाक्य बोलायचं ते मला ठरवता आलं नाही.