मोटार काढून बघ

रेवा दूध पिता पिता झोपते आणि तिच्यामागोमाग मीही झोपेच्या काठाशी येते. भर दुपार आहे, पडदे ओढलेले. उशाशी स्टुलावर मी बनवलेला सर्किट बोर्ड, आणि त्याला तीन वायरींनी जोडलेली छोटी ब्रशलेस मोटार. उद्या हे सगळं तान्ह्या बाळांच्या वॉर्डात चाचणीला जायचंय. ज्यांना स्वतःहून नीट श्वास घेता येत नाही, त्यांच्या नाकाशी ही मोटार हवा सोडणार. आणि ती मधूनच थांबते. बोर्डावर लाल दिवा लागतो: ओव्हरकरंट. मोटार झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढतेय, म्हणून मी तिला बंद केलं, असं बोर्डाचं म्हणणं.

सकाळपासून एक सोपा उपाय डोक्यात घोळतोय. सॉफ्टवेअरमधली करंटची मर्यादाच वाढवून टाकायची. दिवा लागणारच नाही.

रेवाच्या पोटावर हात ठेवून मी तिचा श्वास बघते. वर, खाली. वर...

"अगं, किती वेळा तपासशील? चालू आहे तो."

ऋजुता पलंगाच्या कडेवर बसली आहे. कॉलेजातली माझी लॅब पार्टनर. डेंग्यूने गेली, तेव्हा रेवा व्हायची होती. मला हे आठवतंय, पण तिच्यासमोर बोलून दाखवणं बरं दिसत नाही.

"गाल वर आलेत, केतके. शोभतायत."

"तू आहेस तशीच आहेस."

"मला कुठे जागरणं आहेत!"

पलंगाची कड आता कराडच्या कॉलेजातलं लांब टेबल आहे. सोल्डरचा वास येतोय. फक्त मीटरांच्या जागी पाळणे मांडलेत आणि प्रत्येक पाळण्यावर हिरवा दिवा. रेवाला खांद्यावर घेऊन मी त्या ओळीतून चालते, तसा एकेक दिवा लाल होत जातो.

"मर्यादा वाढवू?" मी विचारते.

"आणि खरंच कुठे शॉर्ट झालं तर?"

तसं झालं तर बोर्ड जळेल आणि हवा थांबेल ती थांबेलच.

"पोरगी रडली की तू कानात बोळे घालतेस का?"

"छे! डॉक्टरांकडे धावते."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"वाटलंच. बरं, आतापर्यंत काय काय केलंस?"

"ट्रान्झिस्टर बदलले. मोटार बदलली. वायरी तपासल्या."

"म्हणजे दिवा म्हणेल ते खरं धरलंस. दिव्याला तपासलंस?"

आम्ही एसटीत शेजारी बसलो आहोत. ड्रायव्हरच्या जागी कोणी नाही आणि त्याचं आम्हाला काही वाटत नाही. खिडकीबाहेर ऊस असायला हवा, तिथे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची पिवळी रेघ धावतेय. सपाट, आणि मध्येच सुईसारखं एक टोक.

"मोटारीच्या गुंडाळीतून करंट असा चढतो?" ऋजुता विचारते.

"नाही. गुंडाळी त्याला सावकाश चढू देते." माझा आवाज मलाच ओळखीचा वाटतो, परीक्षेतला. "हे टोक ट्रान्झिस्टर चालू होतानाचं असणार. बोर्ड त्यालाच करंट समजतोय."

"असेल, नसेल. मेलेल्या बाईवर काय भरवसा ठेवतेस? मोटार काढून बघ. ओढणारंच कोणी नसताना दिवा लागला, तर?"

"तर दिवा खोटा. मग ते टोक गिळायला करंट मोजणाऱ्या चिपच्या पायाला खेटून एक कपॅसिटर. छोटाच. मोठा लावला तर खरा शॉर्टही उशिरा कळेल."

"आणि नाही लागला दिवा, तर?"

"पुन्हा मोटारीकडे."

"येतंय की सगळं! मला कशाला बोलावलंस?"

ती हात पुढे करते. "दे."

मी रेवाला छातीशी आवळते. मेलेल्या माणसाला स्वप्नात काही देऊ नये म्हणतात. माझ्या सासूबाईंनी तर हे दोनदा बजावलंय.

ऋजुता खो खो हसते. "बाळ नको गं, बावळट! स्क्रूड्रायव्हर दे. तू तिला धर, मी वायरी सोडवते."

मी देते. ती मांडीवर बोर्ड घेऊन वायरी सोडवते, टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यांवर टेप गुंडाळते. टेप दातांनी तोडते.

"कात्री घे ना."

"कात्री सापडेपर्यंत तुझी पोरगी उठेल."

रेवा उठत नाही. मी उठते. तिचं डोकं माझ्या डाव्या दंडावर, हात बधिर झालेला. स्टुलावर बोर्ड एकीकडे, मोटार दुसरीकडे. तिन्ही वायरी सुटलेल्या.

मोकळ्या हाताने मी बटण दाबते.

ओढणारं कोणी नाही. तरी लाल दिवा लागतो.

"खोटारडा," मी हळूच म्हणते आणि मला हसू फुटतं. रेवाला अलगद पलंगावर ठेवते. आज तिचा श्वास पुन्हा न बघता टेबलापाशी जाते आणि सोल्डरिंग गन तापायला लावते. मर्यादा होती तिथेच राहील. चिपच्या पायाशी कपॅसिटर बसतो, धूर विरतो. बटण दाबते. दिवा लागत नाही.

आता मोटार परत जोडायची. पहिल्या वायरीवरची टेप सोलून काढते आणि उजेडात धरते. कड वेडीवाकडी आहे, दातांनी तोडलेली. मधोमध एक फट. ऋजुताच्या पुढच्या दोन दातांत होती तेवढी.